आईच्या आठवणीत दोन वादळं एक झाली असतील तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मला तो नीट कळलाय का, हे तुम्हालाही तपासता येईल आणि दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल.

मे २०११ मध्ये तुम्ही अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या जोपलिन शहरात राहत होतात. मुलगी दीड महिन्याची होती. बाळंतपणासाठी तुमची आई जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या गावाहून आली होती. २२ मेच्या रविवारी संध्याकाळी टोर्नेडो आला. तुमचे पती कामासाठी दुसऱ्या शहरात होते. तुम्ही तिघी न्हाणीघरातल्या टबात अंगावर गादी ओढून बसलात आणि वाचलात. घर राहिलं नाही. आता आई ७४ वर्षांच्या आहेत आणि गावीच असतात. मुलगी चौदा वर्षांची झाली आहे आणि त्या दिवसाबद्दल विचारते. येत्या मे महिन्यात गावी येऊन आईचं सांगणं रेकॉर्ड करायचं तुमच्या मनात आहे. पण आई सांगता सांगता तो टोर्नेडो आणि गावाकडचं केळीचं वादळ एकत्र करतात. तुमच्या शब्दांत, "टबातून बाहेर आलो, पाहतो त सगयी केयी आडवी" असं त्या म्हणतात, आणि जोपलिनमध्ये केळीचं एक झाडही नव्हतं. भाऊ म्हणतो की जुनं उकरू नकोस. गॅस कुणी बंद केला यावर तुमचं आणि आईचं अजून एकमत नाही. तेव्हा त्यांची आठवण कितपत धरायची, असं तुम्ही विचारलं आहे.

मला वाटतं, तुमची खरी अडचण जरा निराळी आहे. त्या न्हाणीघरात तुम्ही स्वतः होतात. तुमच्याजवळ एक गोष्ट आहे, आईजवळ दुसरी आहे, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती तिथे असूनही तिच्याजवळ काहीच नाही. मुलीला एकच सलग, पक्की गोष्ट द्यावी अशी तुमची इच्छा आहे, म्हणून आईची गोष्ट तुमच्या गोष्टीला जुळावी असं वाटतंय. माझं मत आधीच सांगतो. जुळवू नका. मुलीला दोन्ही द्या, शेजारी शेजारी.

हे कशाच्या आधारावर म्हणतो ते सांगायला हवं. मी चोपडा तालुक्यात भूगोलाचा शिक्षक होतो. गेली बावीस वर्षं तापीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून पूर, वादळं आणि दुष्काळ यांच्या आठवणी टिपतो आहे. सुरुवात एका जुन्या पुस्तकामुळे झाली. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्याचं फार नुकसान केलं, त्याची नोंद इंग्रजांच्या १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये आहे. नुकसान आहे, नदी आहे, साल आहे. नदीकाठच्या एकाही बाईचं वाक्य त्यात नाही. त्या रात्री तिने काय उचललं, काय मागे राहिलं, हे आता कुणीही सांगू शकत नाही. ते वाचून मी वही घेऊन निघालो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या आई रोजच्या व्यवहारात कशा आहेत? काल कोण येऊन गेलं, गोळी घेतली की नाही, नातवंडांची नावं, हे सगळं ठीक असेल आणि फक्त वादळ सांगतानाच सरमिसळ होत असेल, तर पुढे मी लिहिलं आहे ते लागू पडेल. रोजच्या गोष्टीही विसरत असतील, वेळकाळ चुकत असेल, तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरं म्हणजे, त्यांना स्वतःला सांगायचं आहे का? तुमच्या पत्रावरून त्या आपणहून विषय काढतात असं दिसतं. ते चांगलं लक्षण आहे. नसतं, तर मी तुम्हाला थांबा म्हणालो असतो.

सरमिसळीकडे येतो, कारण मला तिथे स्मरणशक्तीपेक्षा भाषेचं काम जास्त दिसतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये भर दुपारी आभाळ भरून येतं, धूळ उठते, आणि वीस मिनिटांत उभी बाग झोपते. त्याला आई काय म्हणतात? वावधन. आणि जोपलिनच्या टोर्नेडोला? मला खात्री आहे, त्यालाही वावधनच म्हणत असतील. त्यांच्याकडे दुसरा शब्दच नाही. वर्तमानपत्रवाले टोर्नेडोला चक्रीवादळ लिहितात, पण चक्रीवादळ म्हणजे समुद्रावरून येणारं, शेकडो किलोमीटर पसरलेलं वादळ. वावटळ म्हणावी तर ती उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठते आणि पाचोळा फिरवून विरते. टोर्नेडो आभाळातल्या प्रचंड गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. जोपलिनचा तर सर्वांत वरच्या श्रेणीचा होता, वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे. सावद्याच्या बाईला ज्या एकाच शब्दात दोन्ही वादळं ठेवावी लागतात, त्या शब्दाचं गाठोडं सोडलं की दोन्ही एकदम बाहेर पडणारच.

म्हणून "आई, ते इथलं की तिथलं?" असं विचारू नका. त्या गोंधळतील, आणि आपण चुकलो असं त्यांना वाटेल. "केळी कुठल्या अंगाला पडल्या होत्या?" असं विचारा. यामागे कारण आहे. आपल्याकडचं वावधन म्हणजे बहुतेक वेळा ढगातून पावसाने गार झालेली जड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून पुढे पळते. त्यात झाडं एकाच दिशेला पडतात. केळीच्या खोडात लाकूड नसतं, पानं रुंद, त्यात घड लागलेला, त्यामुळे ती सगळ्यात आधी जाते. रावेर-यावलचा कुठलाही शेतकरी सांगेल की बाग कुणीतरी हाताने निजवल्यासारखी ओळीने आडवी असते. टोर्नेडोत वारा फिरतो, त्यामुळे एकाच अंगणातली झाडं वेगवेगळ्या तोंडांनी पडतात, पिळवटतात, सालं सोलली जातात. आई म्हणाल्या की "समदी तापीकडे तोंड करून निजली होती," तर ते गावचं वादळ. त्या म्हणाल्या की "काय पडलं, कुठे पडलं, काही कळत नव्हतं, झाडाला साल नव्हती," तर ते जोपलिन. हे तुम्ही मनात ओळखायचं. त्यांना सांगायची गरज नाही.

गावच्या वादळाचं साल ठरवायला आईची गरज तर मुळीच नाही. बाग गेली असेल तर पंचनामा झाला असेल. तलाठ्याकडे, कृषी सहायकाकडे विचारा. भरपाई जमा झाली असेल तर बँकेच्या पासबुकात तारीख सापडेल. ती मृगबाग होती (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) की कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली), एवढं भावाला आठवलं तरी घड कोणत्या अवस्थेत होते त्यावरून महिना जुळवता येतो. तुम्ही लिहिलंय की भाऊ २०१३ म्हणतो आणि आई "तू पोटुशी होती तव्हा" म्हणतात. पासबुक पाहा आणि विषय तिथेच संपवा.

जोपलिनबद्दल मात्र आईंचं सांगणं तुम्ही समजता त्याहून पुष्कळ भक्कम आहे. तुम्ही त्यांची चार वाक्यं लिहिली आहेत. ती मी नोंदींशी ताडून पाहिली.

"भोंगा दोनदा वाजला." बरोबर. सायरन पहिल्यांदा ५ वाजून ११ मिनिटांनी वाजला आणि दुसऱ्यांदा ५ वाजून ३८ मिनिटांनी. मधली २७ मिनिटं शहरातल्या अनेकांनी नेहमीची कामं करण्यात घालवली, कारण भोंगे एरवीही वाजत. अमेरिकेच्या सरकारी संस्थेने नंतर जी सविस्तर चौकशी केली, तिचाही मोठा भाग याच मुद्द्यावर आहे की लोक दुसऱ्या कुठल्या तरी खुणेची वाट पाहत थांबले. तेव्हा आईने पहिल्या भोंग्यानंतर खिचडी टाकली, यात वेंधळेपणा काही नाही. सगळं शहर तेच करत होतं.

"सोंड काही दिसली नाही, नुसता काळा पाऊस आला." हेही बरोबर. तो टोर्नेडो पावसाच्या पडद्यात गुंडाळलेला होता. सिनेमात दिसते तशी सोंड तिथल्या अनेकांना दिसलीच नाही. तुम्हाला वाटत होतं की आईने डोळे मिटले असतील म्हणून त्या असं म्हणतात. त्यांचे डोळे उघडे होते.

"आभाय हिरवं झालं व्हतं." मोठ्या गारपिटीच्या ढगाखाली असा रंग पाहिल्याचं अनेक लोक सांगतात. याला कागद मिळणार नाही, पण खोटं म्हणायचंही कारण नाही.

"मंग मालगाडी आली." टोर्नेडोतून वाचलेल्या असंख्य अमेरिकनांनी हीच उपमा दिली आहे. म्हणून आईने ती टीव्हीवर ऐकून घेतली असेल अशी तुम्हाला शंका येते. पण ताई, भुसावळ-खंडवा लाइनीलगत, केळीचे डबे भरणाऱ्या स्टेशनाशेजारी ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला मालगाडी टीव्हीवरून उसनी घ्यायची गरज नाही. तिच्या कानात ती जन्मापासून आहे.

आकड्यांचंही असंच असतं. त्या टोर्नेडोत किती माणसं गेली हे शोधाल तर कुठे १५८ मिळेल, कुठे १६१. वादळाच्या थेट तडाख्याने गेलेले १५८, आणि वादळामुळे पण वेगळ्या रीतीने गेलेले धरले की १६१. दोन्ही खरे. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. सरकारी कागदावरही एका घटनेचे दोन आकडे राहू शकतात, तर दोन बायकांच्या दोन आठवणी राहायला हरकत काय?

आता तुमची बाजू. तुम्ही लिहिलंय, "मला तर सगळं लख्ख आठवतं." आठवत असेल. पण लख्खपणा म्हणजे अचूकपणा नव्हे, एवढं मनात असू द्या. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच सकाळी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कुणाकडून, कशी कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एकही मुख्य गोष्ट जुळली नाही, आणि तरीही त्यांना स्वतःची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. मी बावीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि फक्त म्हाताऱ्यांत नाही. तेव्हा रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी एक काम करा. विमानात बसण्याआधी तुमची स्वतःची आठवण कागदावर उतरवा, तारीख घाला, पाकिटात बंद करा. आईचं ऐकल्यावर तुमचीही बदलेल. बदलण्याआधीची एक प्रत राहू द्या.

हे शिकायला मला एक माणूस गमवावा लागला. कामाच्या दुसऱ्या वर्षी, तापीकाठच्या एका गावात एक आजोबा पुराची गोष्ट सांगत होते. भोवती नातवंडं होती. त्यांनी जे साल सांगितलं ते चुकीचं होतं, माझ्याकडे कागद होता, आणि मी तिथेच ते दुरुस्त केलं. आजोबा "असेल बुवा" म्हणाले. पाणी मागितलं. त्यानंतर माझ्याशी त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत. मी तीन वेळा गेलो. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या घरातले किती जण कुठल्या बाजूने झाडावर चढले, हे फक्त त्यांना माहीत होतं. माझ्याकडे साल बरोबर आहे आणि बाकी काहीच नाही.

तेव्हापासून माझ्या वहीला दोन पानं असतात. डाव्या पानावर सांगणाऱ्याचं वाक्य, जसंच्या तसं. उजव्या पानावर पंचनामा, पासबुक, वर्तमानपत्र, हवामान खात्याची नोंद, जे मिळेल ते. डाव्या पानावर कधीही खाडाखोड करत नाही. उजवं पान सांगणाऱ्यासमोर उघडत नाही. तुम्हीही अशीच वही करा. जोपलिनमध्ये केळी आडवी पडली हे डाव्या पानावर राहू द्या. उजव्या पानावर लिहा की अमुक साली गावी बाग गेली. तुमची मुलगी हुशार आहे, दोन्ही पानं वाचून तिला आजी कळेल.

प्रत्यक्ष बसायचं कसं, ते आता सांगतो. मे महिना आहे, जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास. दुपारी पंख्याशिवाय बसवणार नाही, आणि पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त येते. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. फोन विमान मोडवर टाका, आईच्या समोर न ठेवता बाजूला, एखाद्या घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. बांगड्यांचा आवाज येतो तो येऊ द्या. सूर्य मावळल्यावर हा विषय काढू नका. एका मावशींशी मी संध्याकाळी बोललो होतो, त्या दोन रात्री झोपल्या नाहीत. दिवसा बोललं की पुढे स्वयंपाक असतो, शेजारणी येतात, मन दुसरीकडे लागतं.

हात रिकामे ठेवून समोरासमोर बसवू नका. तसं बसवलं की माणूस साक्ष दिल्यासारखा बोलतो. तुमच्या घरी त्या दिवसांत कुरडया-पापड चाललेच असतील. पीठ मळताना, पापड लाटताना बोलू द्या. तुम्हीही लाटा. हात चालू असले की मधली शांतता जड होत नाही, आणि खरं काही यायचं असेल तर ते शांततेनंतर येतं. तिथे घाईने पुढचा प्रश्न टाकू नका.

प्रश्न "काय झालं?" असा नको. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे, वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेलं. हातात काय होतं? पायात काय होतं? बाळ कुठल्या खांद्यावर होतं? टब थंड होता का? गादी कुणी ओढली? वास कसला आला? पहिल्यांदा कुणाचा आवाज ऐकला? शरीराची आठवण अशा प्रश्नांनी जागी होते, आणि अशा उत्तरांत गावचं वादळ शिरत नाही, कारण गावी त्या टबात नव्हत्या.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती खडूची आहे. अंगणात किंवा ओट्यावर खडूने घराचा आराखडा काढायचा, जमेल तेवढा खऱ्या मापाचा. दार इथे, ओटा इथे, न्हाणी इथे. मग सांगणाऱ्याला त्यातून चालायला सांगायचं. कागदावरच्या नकाशाने म्हातारी माणसं बिचकतात, पण जमिनीवरच्या रेघेत ती लगेच शिरतात. जोपलिनच्या घराचा आराखडा तुम्ही आणि आई मिळून काढा. दोघींचं कुठे पटत नाही ते तिथेच दिसेल, आणि त्यावर भांडण होत नाही, कारण दोघी रेघ पुसून पुन्हा काढत असता.

लिहून काढताना आईची बोली बदलू नका. "केयी"चं "केळी" करू नका, "आभाय"चं "आभाळ" करू नका, "वावधन" खोडून "टोर्नेडो" लिहू नका. मुलीला कळणार नाही असं वाटलं तर अर्थ उजव्या पानावर द्या. बोली शुद्ध केली की वाक्य कुणाचंही होतं. माझ्या पहिल्या चार वह्या मी अशा शुद्ध करून ठेवल्या, आणि आज त्यातला कोण बोलतोय ते मलाच ओळखता येत नाही.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका. त्याने हा काळ इथून पाहिला. फोन लागत नव्हता, टीव्हीवर चित्रं दिसत होती, आणि नंतर आईला रात्री दचकून उठताना त्यानेच पाहिलं असेल. त्याला बसवा आणि त्याचीही आठवण घ्या, कारण तीही त्याच वादळाची आहे. आणि त्याची काळजी खरी ठरू शकते. बोलताना आईचा श्वास भरून आला, हात गार पडले, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर फोन बंद करा, पाणी द्या, बाहेर न्या, त्या दिवशी पुन्हा काढू नका. वारा सुटला की आजही दारं-खिडक्या लावून घेत असतील, झोप उडत असेल, तर तो उपचाराचा विषय आहे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. आणि एका बैठकीने काम संपवू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, फोन न काढता, पुन्हा आईजवळ बसा. काल जे उघडलं ते कुणीतरी मिटवायला लागतं.

एवढ्यापर्यंतचं थोडक्यात असं: आधी तुमची आठवण लिहून बंद करा, सकाळी बसा, हात कामात ठेवा, अंगाच्या आठवणीचे प्रश्न विचारा, दुरुस्त करू नका, उजवं पान नंतर भरा.

जोपलिन शहराने स्वतःची आठवण कशी ठेवली, ते मुलीला जरूर सांगा. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या अमळनेरच्या जवळपास निम्मी. त्या शहरातून सर्वांत रुंद जागी दीड किलोमीटरहून अधिक रुंदीचा पट्टा पुसला गेला. साडेसात हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झालं. नंतर कनिंगहॅम पार्कमध्ये त्यांनी १६१ झाडं लावली, गेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्याच बागेत, जिथे घरं उभी होती तिथे, घरांच्या आकाराच्या रिकाम्या लोखंडी चौकटी उभ्या केल्या. मी त्याचे फोटो पाहिले तेव्हा बराच वेळ पाहत राहिलो. आपण ओट्यावर खडूने जे काढतो, ते त्यांनी लोखंडात काढलं आहे. बाकांपाशी वह्या ठेवल्या आहेत, येणारा कुणीही त्यात लिहू शकतो. ढिगाऱ्यातून आणि दूरदूरच्या शेतांतून सापडलेले तीस हजारांहून जास्त फोटो स्वयंसेवकांनी धुऊन, पुसून, जमतील तेवढे घरोघर परत केले. तुमचे फोटो गेले असं तुम्ही लिहिलंय, तर तिथे विचारून पाहिलं नसेल तर अजूनही विचारा.

आणि फुलपाखरं. तिथली काही लहान मुलं सांगत होती की वादळात फुलपाखरांसारखे पंख असलेली माणसं आली आणि त्यांनी आपल्याला धरून ठेवलं. शहराने त्या मुलांची उलटतपासणी घेतली नाही. त्याच वर्षी एका मोठ्या भिंतीवर लोकांनी मिळून चित्र काढलं, त्यात फुलपाखरं आहेत. ज्या शहराने त्या मुलांची फुलपाखरं भिंतीवर राहू दिली, त्या शहरात तुमच्या आईच्या केळीलाही जागा मिळाली असती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. १७ मार्च १९७८ ला उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो झाला होता. काही मिनिटांचा खेळ, पण २८ माणसं गेली आणि सुमारे ७०० जखमी झाली. मी एका परिषदेसाठी गेलो होतो तेव्हा त्या भागात दिवसभर चाललो, चहावाल्यांना, पहारेकऱ्यांना विचारलं. कुणाला माहीत नव्हतं, आणि मला तिथे एकही खूण दिसली नाही. हवामानशास्त्राच्या लेखांत ते वादळ जिवंत आहे, गल्लीत नाही. म्हणून मी तुम्हाला म्हणतो की भावाची समजूत घाला, पण काम सोडू नका.

शेवटी तुम्ही विचारलेली तारीख. दर २२ मेला आई काहीच करत नाहीत आणि २३ ला मात्र देवापुढे जास्तीचा दिवा लावतात, याने तुम्ही खट्टू झालात. घड्याळ पाहा. जोपलिनमध्ये स्मरणाची शांतता ५ वाजून ४१ मिनिटांनी पाळतात, त्या वेळी वादळ शहरात शिरलं होतं. त्याच क्षणी खानदेशात २३ मेची पहाट होती, चार वाजून अकरा मिनिटं. तुमच्या भावाला, वडिलांना, गल्लीला ही बातमी २३ ला कळली, आणि आई परत आल्यावर या घरात ती २३ चीच झाली. तारीख चुकलेली नाही. यंदा तुम्ही गावी असाल, तर पहाटे चारला आईबरोबर उठा. त्या तशाही त्या वेळी उठतच असतील. मुलीलाही उठवा. काही बोलायची गरज नाही, दिवा आईनाच लावू द्या.

राहिला गॅस. तुम्ही म्हणता तुम्ही बंद केला, आई म्हणतात त्यांनी केला. हे कुठल्याही पंचनाम्यात नाही, तिसरा साक्षीदार दीड महिन्याचा होता. दोघींची वाक्यं डाव्या पानावर एकाखाली एक लिहा, आईचं आधी. उजवं पान कोरं ठेवा. मुलीने विचारलं की इथे काही का नाही, तर तिला खडू द्या आणि ओट्यावरच्या त्या स्वयंपाकघरात उभं करा. पहिला भोंगा वाजलाय, शेगडीवर खिचडी आहे, आजी इथे, आई तिथे. तिला दोघींना विचारू द्या.